महाविद्यालयीन बास्केटबॉल मैदान, भारलेले वातावरण आणि स्मरणरंजन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या इतिहासात स्थापनेचे वर्ष, प्राचार्यांची परंपरा, विद्याशाखांचा विस्तार, इमारतींच्या कोनशिला आणि परीक्षांचे निकाल यांची साक्षेपाने नोंद होते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या असता हीच सामग्री प्रामुख्याने हाती लागते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मात्र बोलणे वेगळ्याच दिशेने वळते. तेथे आठवण निघते ती मैदानाची. संध्याकाळी रंगलेल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याची, फक्कीने आखलेल्या रेषेला पाय लावून उभ्या राहिलेल्या गर्दीची आणि शेवटच्या मिनिटात पडलेल्या बास्केटनंतर उठलेल्या आरोळीची. "ते वातावरण आता राहिले नाही" हा अशा संभाषणाचा ठरलेला समारोप असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने या विधानाकडे कसे पाहावे? ते केवळ वयाचा हळवेपणा म्हणून सोडून द्यावे, की त्यात काही ऐतिहासिक सत्य दडलेले आहे असे मानून त्याचा शोध घ्यावा? प्रस्तुत निबंधात दुसरा मार्ग स्वीकारला आहे. स्मरणरंजन या संकल्पनेचा इतिहासच मुळात बोधप्रद आहे. योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधात ही संज्ञा प्रथम एका व्याधीचे नाव म्हणून योजली. मायदेशापासून दूर असलेल्या माणसांना जडणारा घरओढीचा विकार, असा तिचा मूळ अर्थ होता. पुढे स्थळाची ओढ मागे पडून काळाची ओढ हा अर्थ रूढ झाला. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले : हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे आणि हरवलेल्याविषयी चिंतन करणारे. महाविद्यालयीन मैदानाच्या आठवणींत हे दोन्ही प्रवाह मिसळलेले असतात. ते वेगळे करणे हे इतिहासलेखनाचे काम होय.

उद्दिष्टे

१) बास्केटबॉल या खेळाच्या जडणघडणीत प्रेक्षकांचे स्थान स्पष्ट करणे.
२) अमेरिकन मराठी मिशनच्या द्वारे अहमदनगर, मुंबई व अमेरिका यांत निर्माण झालेला सांस्थिक संबंध तपासणे.
३) जुन्या मैदानावरील भारलेल्या वातावरणामागील कारणांचा आणि ते ओसरण्याच्या प्रक्रियेचा शोध घेणे.
४) स्मरणरंजनाच्या मर्यादा दाखवून त्याचे ऐतिहासिक साधन म्हणून मोल निश्चित करणे.

यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. खेळाच्या रचनेतच असलेला प्रेक्षक

बहुतेक खेळ लोकजीवनातून हळूहळू घडत गेले. बास्केटबॉलची मात्र जन्मतारीख सांगता येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो सिद्ध केला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नसे आणि बंदिस्त व्यायामशाळेतील कवायतीला विद्यार्थी कंटाळले होते. नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. म्हणजे हा खेळ शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी, शिक्षणसंस्थेच्या आवारात निर्माण केला. महाविद्यालयाशी त्याचे नाते जन्मजात आहे.

या घटनेतील सज्जाचा तपशील महत्त्वाचा आहे. टोपल्या सज्जाला टांगलेल्या असल्याने सज्जात उभे असलेले प्रेक्षक हात पुढे करून चेंडू आपल्या संघाच्या टोपलीत ढकलीत, तर प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू बाहेर फेकीत. हा हस्तक्षेप थांबविण्यासाठी टोपलीमागे जाळीची आणि पुढे लाकडाची फळी आली. आज ज्या फळीवर आदळून चेंडू बास्केटमध्ये पडतो, ती प्रेक्षकांच्या अतिउत्साहामुळे जन्माला आली आहे. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतील काही मैदानांना चारही बाजूंनी जाळीचे कुंपण घालीत. त्यावरून तेथे बास्केटबॉल खेळाडूंना 'पिंजऱ्यातले खेळाडू' अशा अर्थाचे टोपणनावही पडले. प्रेक्षक खेळाच्या इतका निकट होता की त्याला दूर ठेवण्यासाठी उपकरणे शोधावी लागली. क्रिकेटमध्ये सीमारेषेपासून खेळपट्टी कित्येक पावले दूर असते. बास्केटबॉलमध्ये बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू येतो. या खेळातील वातावरणाचे पहिले कारण हे अंतराचे गणित आहे.

खेळ बंदिस्त जागेत जन्मला असला तरी जगात तो उघड्यावरच अधिक पसरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. तेव्हा सामने मातीच्या उघड्या मैदानांवर झाले आणि अमेरिका व कॅनडा यांच्यातील अंतिम सामना भर पावसात, चिखलात खेळला गेला. अमेरिकेने तो १९-८ असा जिंकला. चेंडू टप्पाच घेत नव्हता, हे त्या अल्प गुणसंख्येवरून ध्यानात येते. ऑलिम्पिकचा पहिला अंतिम सामना ज्या तऱ्हेच्या मैदानावर झाला, त्या तऱ्हेची मातीची मैदाने भारतातील शाळा-महाविद्यालयांना परकी नव्हती.

२. मॅसॅच्युसेट्स, अहमदनगर आणि नागपाडा

अहमदनगर जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात अमेरिकन मराठी मिशनचे स्थान सर्वश्रुत आहे. बॉस्टन येथील अमेरिकन बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्यास प्रारंभ केला. बॉस्टन आणि स्प्रिंगफील्ड ही दोन्ही शहरे मॅसॅच्युसेट्स राज्यातीलच. मिशन आणि वाय.एम.सी.ए. या स्वतंत्र संस्था होत्या. त्यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. तथापि शरीर, बुद्धी आणि मन यांचा एकत्र विकास हाच शिक्षणाचा हेतू, ही धारणा दोहोंना समान होती. भारतात शारीरिक शिक्षणाच्या या विचाराला संस्थात्मक रूप हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे १९२० मध्ये स्थापन केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या महाविद्यालयाने दिले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

मिशनच्या कार्याचा या खेळाशी आलेला ठळक संबंध मुंबईत दिसतो. मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस ही संस्था सुरू केली. दाट लोकवस्तीतील, विविध धर्मांच्या कष्टकरी कुटुंबांसाठी वाचनालय, आरोग्यसेवा, वर्ग आणि क्रीडांगण अशा सोयी करणारे ते केंद्र होते. याच वास्तूत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचा आरंभ झाला, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ख्यातनाम झाले. समाजकार्याच्या उच्च शिक्षणाचा हा इतिहास अभ्यासकांना ज्ञात असतो. पण त्याच वस्तीत बास्केटबॉल रुजला आणि नागपाडा हे देशातील या खेळाचे एक प्रमुख केंद्र बनले, ही बाब इतिहासलेखनात क्वचितच येते.

मस्तान तलाव परिसरातील वाय.एम.सी.ए.चे मैदान आणि ज्यांनी नागपाड्यात पिढ्या घडविल्या त्या प्रशिक्षकांच्या नावाने ओळखले जाणारे बच्चू खान मैदान ही या परंपरेची स्थाने होत. अब्बास मुंतसीर हे येथूनच पुढे आले. त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यातील अनेक खेळाडूंना रेल्वेसारख्या आस्थापनांत खेळाच्या बळावर नोकरी मिळाली. म्हणून तेथील सामन्याला केवळ करमणुकीचे मोल नव्हते. रिंगणात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या गल्लीतील मुलाचे भवितव्य डोळ्यांसमोर घडताना दिसे. वातावरणाचे दुसरे कारण हे आहे : पणाला काहीतरी खरे लागलेले असणे.

३. १९२७ मधील दोन क्रीडास्थळे

नागपाड्यातील केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, १ जानेवारी १९२७ रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे 'पॅलेस्ट्रा' हे बास्केटबॉल क्रीडागृह खुले झाले. प्राचीन ग्रीसमधील व्यायामशाळेचे हे नाव त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाने सुचविले होते. सुमारे नऊ हजार प्रेक्षकांच्या या वास्तूत बाके थेट मैदानाच्या कडेपर्यंत येतात. शहरातील पाच महाविद्यालये व विद्यापीठे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आपापसातील सामने या एकाच छताखाली खेळू लागली. विद्यार्थी प्रतिस्पर्ध्यांची थट्टा करणारे लांबलचक फलक उलगडीत आणि आपल्या संघाचा पहिला बास्केट पडताच रंगीत कागदी फिती मैदानावर उधळीत. फिती उधळण्याची ही प्रथा १९८० च्या दशकात नियमाने थांबली. २०२३ पासून या महाविद्यालयांच्या स्पर्धेचे निर्णायक सामने शहरातील मोठ्या व्यावसायिक क्रीडागृहात होऊ लागले. जुन्या क्रीडागृहाविषयीची हुरहूर ही केवळ मराठी मनाची गोष्ट नाही, हे यावरून दिसते.

ही दोन स्थळे संपत्ती, आकार व सोयी या दृष्टीने परस्परविरुद्ध होती. एक विद्यापीठाचे वैभव दाखविणारी वास्तू, तर दुसरे वस्तीच्या मधोमध असलेले मोकळे मैदान. असे असूनही दोहोंविषयी मागे राहिलेल्या आठवणी एकाच जातीच्या आहेत. यावरून एक अनुमान निघते. वातावरण छतातून किंवा खर्चातून येत नाही. जवळीक, ओळखीचा प्रतिस्पर्धी आणि पुन:पुन्हा एकाच ठिकाणी जमण्याची सवय या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते निर्माण होते. एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात समूह एकत्र आल्यावर उत्पन्न होणाऱ्या सामूहिक उन्मेषाची मीमांसा केली आहे. व्यक्ती एकटी असताना जे अनुभवू शकत नाही ते समूहात अनुभवते आणि ती शक्ती स्थळाला चिकटली आहे असे तिला वाटू लागते. मैदान पवित्र वाटते ते यामुळे.

योगायोग असा की त्याच १९१२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान कुस्तीसाठी सिद्ध झाले. कोठेही बसले तरी मधला हौदा स्पष्ट दिसावा अशी त्याची गोलाकार, उतरती रचना आहे. दुर्खीम यांनी जे ग्रंथात मांडले ते शाहू महाराजांनी माती आणि दगड यांत उभे केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

४. नगर जिल्ह्यातील रिंगण

कुस्तीचा हा संदर्भ अहमदनगर जिल्ह्यासाठी अनाठायी नाही. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. पुढील काळात श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव आणि नगर शहरातही महाविद्यालये निघाली. प्रवरा परिसरात १९५० पासून सहकारी साखर कारखानदारीने जे नवे सामर्थ्य निर्माण केले, त्याच्या आधाराने ग्रामीण भागात शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. या महाविद्यालयांत दाखल झालेली पहिली पिढी बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होती. तिच्यासाठी बास्केटबॉल हा नवा खेळ होता. पण खेळ पाहण्याची रीत नवी नव्हती. जत्रेतील कुस्तीच्या फडाभोवती कोंडाळे करून बसणे, हलगीच्या तालावर जोडीला चेतविणे, डाव ओळखून दाद देणे आणि आवडत्या मल्लाला रोख बक्षीस देणे ही प्रेक्षकत्वाची परिपक्व परंपरा तिने गावातूनच आणली होती. खेळ स्प्रिंगफील्डचा आणि रिंगण जत्रेचे, असा हा संयोग होता. महाविद्यालयीन मैदानावरील वातावरणाचे हे खास मराठी अंग म्हणावे लागेल.

त्याला पुणे विद्यापीठाच्या स्पर्धारचनेने चौकट दिली. महाविद्यालयांच्या स्पर्धा प्रथम विभागीय पातळीवर आणि नंतर आंतरविभागीय पातळीवर होत. अहमदनगर हा त्यांतील स्वतंत्र विभाग. त्यामुळे प्रतिस्पर्धी महाविद्यालय अनोळखी नसे. एस.टी.ने आलेल्या पाहुण्या संघातील एखादा खेळाडू यजमान संघातील कोणाचा मावसभाऊ, तर कोणाचा शाळासोबती निघे. संगमनेर आणि नगर, श्रीरामपूर आणि कोपरगाव अशा चुरशीला तालुक्याच्या अस्मितेची धार होती. विभागीय सामना जिंकून पुण्यातील संघासमोर उभे राहणे यात जिल्ह्याचा मान गुंतलेला असे. मैदानही वसतिगृह, वर्ग आणि कार्यालय यांच्या वाटेवर असे. प्रात्यक्षिक आटोपून निघालेला विद्यार्थी तेथे थबके, शिक्षक सायकल हाताशी धरून दोन मिनिटे म्हणून उभे राहत आणि अंधारात बास्केट दिसेनासे होईपर्यंत हलत नसत. तिकीट नव्हते, आसनक्रमांक नव्हता. प्राचार्य आणि शिपाई एकाच रेषेवर उभे असत.

५. वातावरण ओसरण्याची कारणे

हे वातावरण एकाएकी नाहीसे झाले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आली आणि १९८३ च्या क्रिकेट विश्वचषक विजयानंतर पाहण्याचा खेळ म्हणजे क्रिकेट, असे समीकरण दृढ झाले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रतिनिधींच्या प्रत्यक्ष निवडणुका थांबल्या. त्या थांबण्यामागे हिंसेची गंभीर कारणे होती, हे नाकारता येत नाही. परंतु गर्दी जमविणे, घोषणा रचणे आणि महाविद्यालयाच्या नावाने एकत्र येणे यांचा सराव ज्या व्यवस्थेत होत होता ती व्यवस्थाही त्यासोबत क्षीण झाली. पुढे सत्र पद्धतीने वर्षातून दोनदा परीक्षा आणल्या आणि खेळासाठी मोकळे असणारे महिने आखडले. दुचाकी व खासगी शिकवणी यांमुळे संध्याकाळी आवारात रेंगाळणारा विद्यार्थीच दुर्मीळ झाला.

याच काळात सुविधा मात्र वाढल्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे भव्य क्रीडासंकुल उभे राहिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या मूल्यांकनात क्रीडासुविधांनाही स्थान मिळाले. बंदिस्त क्रीडागृहामुळे पाऊस, धूळ आणि अंधार यांपासून खेळाडूंची सुटका झाली, ही मोठीच प्रगती होय. गुडघे फोडणाऱ्या सिमेंटपेक्षा लाकडी तक्तपोशी केव्हाही श्रेयस्कर. परंतु क्रीडागृहाला दार असते, दाराला कुलूप असते आणि कुलपाला वेळापत्रक असते. वाटेवरचा प्रेक्षक तेथे आपोआप पोहोचत नाही. खेळाडूला निवारा देताना रिंगण मोडले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

६. स्मरणरंजनाच्या मर्यादा

येथवरचे विवेचन जुन्या काळाच्या बाजूने झुकलेले वाटेल. म्हणून दोन गोष्टींची नोंद आवश्यक आहे. पहिली, रिंगणात कोण होते आणि कोण नव्हते? सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळांमुळे एकोणिसाव्या शतकातच स्त्रीशिक्षणाच्या नकाशावर आलेले हे शहर. असे असता महाविद्यालयीन मैदानाच्या आठवणी बहुधा पुरुषांच्याच का असतात? आवाज करणारी गर्दी मुलांची आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याचे बंधन मुलींवर, हे त्याचे सरळ उत्तर आहे. बास्केटबॉलचा इतिहास येथे वेगळा दाखला देतो. स्प्रिंगफील्डजवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्येच हा खेळ विद्यार्थिनींना शिकविला. १८९३ मध्ये तेथे दोन वर्गांत झालेल्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. सज्जा विद्यार्थिनींच्या जयघोषाने भरून गेला होता. वातावरण ही पुरुषांची मिरास नाही. त्यासाठी निर्भय जागा लागते. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघातून खेळली ती पिढी उघड्या मैदानाच्या आठवणी वेगळ्या शब्दांत सांगेल.

दुसरी गोष्ट, भारलेले वातावरण नेहमीच निरागस नसते. नगरच्या वाडिया पार्क मैदानाने महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेची गर्दी अलीकडच्या काळातही अनुभवली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर असे अधिकृत नामांतर झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही स्पर्धा तेथे भरली. त्या वेळी पंचांच्या निर्णयावरून तीव्र वाद झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. समूहाचा उन्मेष आणि समूहाचा क्षोभ यांत अंतर फार थोडे असते. महाविद्यालयीन सामन्यांतही पंचांना घेराव, हाणामारी आणि जातीय वा तालुकावादी शेरेबाजी घडत असे. आठवण रंगविताना हा भाग गळून पडतो. स्मरणरंजन वातावरण जपते आणि त्याची किंमत विसरते.

निष्कर्ष

१) बास्केटबॉलमधील भारलेले वातावरण हा आठवणीचा भास नाही. खेळाची रचना, प्रेक्षकांची निकटता आणि स्थानिक चुरस यांतून घडलेले ते ऐतिहासिक वास्तव होते.

२) नागपाड्याचे उघडे मैदान आणि फिलाडेल्फियाचे क्रीडागृह यांच्या तुलनेवरून असे दिसते की वातावरणाचा संबंध खर्चाशी किंवा छताशी नसून मैदान समूहाच्या नित्य वाटेवर असण्याशी आहे.

३) नगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन मैदानावर अमेरिकेत जन्मलेला खेळ आणि जत्रेतील फडाची प्रेक्षकपरंपरा यांचा संगम झाला. क्रीडा-इतिहासात या प्रेक्षकपरंपरेचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

४) गेलेला काळ परत आणण्याचा आग्रह धरणे व्यर्थ आहे, कारण त्या काळातील रिंगण अपुरे होते. मात्र त्यातील मोकळेपणा परत आणता येतो. टोकिओ येथे २०२१ मध्ये पार पडलेल्या ऑलिम्पिकमध्ये तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलचा समावेश झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसमधील एका सुप्रसिद्ध चौकात त्याचे सामने उघड्यावर खेळले गेले. ज्या खेळाला जगाने पुन्हा चौकात आणले, त्यासाठी महाविद्यालयाच्या आवारात अर्धे मैदान व एक बास्केट पुरेसे आहे.

५) जिमखान्याची दप्तरे, गुणपत्रके, संघांची छायाचित्रे आणि स्पर्धांची परिपत्रके ही महाविद्यालयीन इतिहासाची प्राथमिक साधने होत. इमारतींच्या नूतनीकरणात सर्वप्रथम रद्दीत जातात ती हीच. ज्या पिढीने त्या रेषेवर उभे राहून सामने पाहिले ती आज सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्या मौखिक आठवणींची नोंद इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांनी एकत्रितपणे आताच केली नाही, तर आणखी दहा-पंधरा वर्षांनी स्मरणरंजन करण्यासाठीही कोणी उरणार नाही. उरेल ती केवळ क्रीडागृहाच्या कोनशिलेवरील तारीख.